दोन रेघा

शितल रासकर इंजिनियर झाली तेव्हा वरवंडच्या अलीकडं, रासकर वस्तीच्या फाट्यावर तिचा फ्लेक्स लागला होता. डोक्यावर काळी टोपी, हातात गुंडाळलेला कागद आणि खाली मोठ्या अक्षरांत ‘वस्तीतील पहिली मेकॅनिकल इंजिनियर’. तिच्या वडिलांनी, पोपटरावांनी, स्वतः शिडीवर चढून तारा आवळल्या होत्या. त्यावर दोन पावसाळे गेले. रंग उडाला, एका वावटळीत फ्लेक्स फाटून खाली आला, आणि आईनं, धुरपदाबाईंनी, तो शेवंतीच्या क्रेटवर झाकायला घेतला. पहाटे फुलं तोडायला गेलं की शितलला क्रेटवर आपलाच अर्धा चेहरा दिसायचा. ती तो आतल्या बाजूला दुमडून टाकायची.

दोन वर्षांत तिनं अठरा मुलाखती दिल्या. पुण्यात, चाकणला, मोबाईलवर. कुठं इंग्रजीत अडली, कुठं अनुभव विचारला, कुठं फोन करतो म्हणाले आणि केला नाही. वस्तीवरचं कुणी भेटलं की पोपटराव आधी म्हणायचे, चाललंय प्रयत्न. मग ते पाण्याचं, बाजारभावाचं बोलायला लागले. शितलला ते बोलणं सरीतून ऐकू यायचं. तिच्याबद्दल विचारायचं लोकांनी सोडलं, तेव्हा तिला जास्त लागलं.

जूनमध्ये रांजणगावच्या एका कारखान्यातून बोलावणं आलं. पोपटरावांनी मोटरसायकलवरून तिला गेटपर्यंत नेलं आणि ते समोरच्या चहाच्या टपरीवर थांबले.

आत क्वालिटीचे मॅनेजर होते, सत्यजीत सर. चाळिशीचे, बाह्या दुमडलेल्या, हाताला तेलाचा वास. त्यांनी तिची मार्कशीट बाजूला ठेवली आणि टेबलावर एक लोखंडी पिन ठेवली, बोटाएवढी जाड. शेजारी मायक्रोमीटर, जाडी मोजायचा.

“ह्याचा डाया सांग.”

मायक्रोमीटर शितलला माहीत होता. त्याची आकृती तिनं परीक्षेत तीनदा काढली होती, दहापैकी नऊ मार्क होते. पण कॉलेजात तो काचेच्या कपाटात असायचा. चाळीस पोरांत दोन नग. सर लांबून दाखवायचे आणि परत कुलूप घालायचे. जर्नलमधले आकडे मागच्या वर्षीच्या पोरांच्या जर्नलवरून उतरवलेले. हातात घेतल्यावर तो एवढा जड आणि गार असेल असं तिला वाटलं नव्हतं. तिनं पिन पकडली, फिरवली, उजेडाकडं धरली.

“अठरा पॉइंट चोवीस.”

“अठरा पॉइंट चौऱ्याहत्तर,” सर म्हणाले. “अर्ध्या मिलिमीटरची रेघ खाल्लीस. ह्या महिन्यात तू बाविसावी इंजिनियर. वीस जणांनी हीच रेघ खाल्ली.”

ते चिडले नव्हते. दमलेल्या माणसासारखे बोलले. मग त्यांनी विचारलं, सहा महिने ट्रेनी म्हणून तपासणीच्या टेबलावर उभी राहशील का, ऑपरेटर बायकांच्या बरोबरीनं. हात तयार झाला तर पुढचं बघू. शितल हो म्हणाली.

बाहेर पोपटराव उठून उभे राहिले. “घेतलं?”

“घेतलं.”

“हापिसात?”

“क्वालिटीला,” शितल म्हणाली. पोपटरावांनी ते हापिसच धरलं, आणि तिनं तसंच राहू दिलं.

कारेगावात तिनं खोली घेतली. पत्र्याची चाळ, एका खोलीत चार मुली, चौघींच्या पाळ्या वेगळ्या. एकीचं अंथरूण उठलं की दुसरीचं पडायचं. दोघींची तर तिला नावंच नीट माहीत नव्हती, चपला तेवढ्या ओळखीच्या झाल्या. भिंतीपलीकडं बिहारची पोरं राहायची, त्यांचा कुकर आणि त्यांची गाणी. शितल फोनवर आईशी बोलायची ती चाळीच्या बाहेरच्या पायरीवर बसून. जेवलीस का, खोलीत उकडतं का, साहेब बरे हायेत का. सगळ्याला बरं हाय म्हणायची.

कारखान्यात ती कुणाच्यातच नव्हती. कॅन्टीनमध्ये स्टाफ पंख्याखाली बसायचा, कंत्राटी बायका खिडकीकडं. ट्रेनीनं कुठं बसायचं हे कुणी ठरवलं नव्हतं. पहिले आठ दिवस ती हात धुवायच्या नळाशेजारच्या टेबलावर एकटी जेवली. बायका तिला इंजिनेर मॅडम म्हणायच्या, आणि म्हणताना एकमेकींकडं बघायच्या. तिनं पिन उलटी लावली, पेटी चुकीच्या रॅकवर ठेवली, की लाईनच्या शेवटापर्यंत ते पोचायचं. कंत्राटदाराचा सुपरवायझर दत्ता एकदा सगळ्यांदेखत म्हणाला, “मॅडम, पुस्तक आणलंय का? बघून सांगा.”

नवव्या दिवशी ज्ञानेश्वरीनं तिला खिडकीकडं बोलावलं. ज्ञानेश्वरी शेजारच्या टेबलावर तपासणीला होती. तिशी ओलांडलेली, बारावी शिकलेली, सहा वर्षं ह्याच कामावर, कंत्राटीच. घोडनदीच्या काठच्या गावातून कंपनीच्या बसनं यायची. तिनं डब्यातली शेंगदाण्याची चटणी शितलकडं सरकवली आणि विचारलं, “रेघ दिसत न्हाई का हाताला कळत न्हाई?”

“हाताला.”

“मग सोपं हाय.”

त्या दिवसापासून जेवण उरकलं की दहा मिनिटं ज्ञानेश्वरी तिच्या हातात मायक्रोमीटर द्यायची. डोळे मिटून फिरव म्हणायची. दाब किती, टक् आवाज कितव्यांदा झाला की थांबायचं, हाताची ऊब लोखंडाला लागली की आकडा कसा हलतो. एकदा शितल म्हणाली, ह्याला थर्मल एक्स्पान्शन म्हणतात, आणि तिनं सूत्रही सांगितलं. ज्ञानेश्वरीनं ते दोनदा म्हणवून घेतलं. “मला वाटायचं माझाच हात गरम हाय,” ती म्हणाली, आणि दोघी हसल्या. सहा महिन्यांत कारखान्यात शितल मोकळी हसली असेल तर ती तेव्हाच.

सगळ्यात शेवटी ज्ञानेश्वरीनं तिला झिरो शिकवला. मायक्रोमीटर पूर्ण मिटला की रेघ शून्यावर पाहिजे. नसेल तर मापच खोटं. रोज सकाळी आधी ते बघायचं, आणि हलली असेल तर बारक्या किल्लीनं परत शून्यावर आणायची. किल्ली केसाएवढी फिरवावी लागायची. शितलला ते जमायला तीन आठवडे लागले. जमलं त्या दिवशी दत्तानं तिला पहिल्यांदा नुसतं शितल म्हणून हाक मारली.

डिसेंबर लागला. सहा महिने पुरे व्हायला बारा दिवस राहिले होते.

त्या गुरुवारी जेवणानंतर शितलच्या हातातून मायक्रोमीटर पडला. हातमोज्याला तेल होतं, सटकला, टेबलाच्या कडेला आपटून खाली गेला. प्रेसची मशिनं धडधडत होती, आवाज कुणालाच आला नाही. तिनं वाकून उचलला. वरून काही दिसत नव्हतं. पडला तर लगेच सांगायचं, असा भिंतीवर कागद होता. मागच्याच आठवड्यात एका ट्रेनीनं मोजायचं गेज पाडलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी तो आला नव्हता. शितलनं मायक्रोमीटर फडक्यानं पुसला. आता बघू, म्हणून खाली ठेवला.

तेवढ्यात दत्ता धावत आला. गिऱ्हाईकाची गाडी दारात लागली होती, पिनांचा लॉट तपासून ताबडतोब चढवायचा होता. ज्ञानेश्वरीचा मायक्रोमीटर त्या दिवशी तपासणीला बाहेर गेलेला. तिनं हात पुढं केला.

“दे गं तुझा.”

शितलनं दिला.

“झिरो बघितलास ना?”

“सकाळी बघितला,” शितल म्हणाली.

ते खरं होतं. ज्ञानेश्वरी वळून कामाला लागली. पिन उचल, फिरव, वाच, ठेव. तिचा हात थांबत नव्हता. शितल शेजारी उभी राहून पेट्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होती. प्रत्येक पेटीला तिला वाटलं की आता सांगावं. मग पेटी बंद व्हायची आणि दुसरी यायची. लॉटच्या कागदावर ज्ञानेश्वरीनं सही केली, गाडी गेली.

पाळी सुटायच्या आधी शितलनं मायक्रोमीटर मिटवून बघितला. शून्याच्या पुढं दोन रेघा. केसाहून बारीक दोन रेघा, म्हणजे प्रत्येक पिन तेवढी जाड दाखवलेली. तिनं इकडंतिकडं बघितलं, खिशातून किल्ली काढली आणि शिकली होती तशी केसाएवढी फिरवली. रेघ शून्यावर आली. दुसऱ्यांदा फिरवावी लागली नाही, ह्याचंच तिला नंतर नवल वाटत राहिलं.

सोमवारी लॉट परत आला. पिना बारीक होत्या, बसवल्यावर हलत होत्या. सत्यजीत सरांनी लॉट मोजला तो मायक्रोमीटर मागवला, झिरो बघितला. बरोबर होता. म्हणजे मोजणारीनं नीट मोजलं नाही. कागदावर सही ज्ञानेश्वरीची.

ज्ञानेश्वरी पुन्हा पुन्हा एकच सांगत होती की मी मोजल्यात सर, एकेक मोजलीय. तिनं शितलकडं बघितलंसुद्धा नाही. झिरोचं कुणाला विचारलं होतं हे तिच्या बोलण्यात आलं नाही. मंगळवारी पाळी सुरू होतानाच दत्तानं तिचा गेटपास काढून घेतला. सिक्युरिटीवाल्यानं तिची पिशवी उघडून बघितली, डब्याचं झाकणसुद्धा काढायला लावलं. बसमधून उतरणाऱ्या बायका थांबून बघत होत्या. ज्ञानेश्वरीनं झाकण नीट बसवलं, पिशवी खांद्याला लावली आणि हायवेच्या कडेनं चालत गेली. कंपनीच्या बसमध्ये तिला आता बसता येत नव्हतं.

शितल त्या दिवशी परत नळाशेजारी जेवली. खिडकीकडच्या बायकांनी तिच्यासाठी जागा केली होती, पण ती गेली नाही. बुधवारी, गुरुवारी तेच. खोलीवर आल्यावर ती आंघोळ करायची आणि भिंतीकडं तोंड करून पडायची. फोनवर धुरपदाबाईंनी विचारलं, आवाज का बसलाय. थंडी हाय, ती म्हणाली. आई अजून बोलत होती, शेवंतीला कीड पडल्याचं सांगत होती, आणि शितलला फार वाटलं की आता हिला सगळं सांगावं. पण त्यासाठी आपण हापिसात नाहीच, हे आधी सांगावं लागलं असतं.

शनिवारी सत्यजीत सरांनी तिला बोलावलं. समोर तिचा फॉर्म होता.

“हात चांगला तयार झालाय तुझा,” ते म्हणाले. “एक तारखेपासून क्वालिटी इंजिनियर.” आणि त्यांनी पेनचं टोपण काढलं.

“सर, तो मायक्रोमीटर माझ्या हातून पडला होता,” शितल म्हणाली.

तिनं सगळं सांगितलं. उभ्यानंच, टेबलाच्या कडेकडं बघत. पडला कसा, दिला कसा, काय बोलली. सरांनी टोपण परत लावलं.

“मी बघितला तेव्हा झिरो बरोबर होता.”

“मी लावला परत.”

“तू?” त्यांनी पेन खाली ठेवलं. “कुणी शिकवलं?”

“ज्ञानेश्वरीताईंनी.”

खाली प्रेसचे ठोके पडत होते. सर उठून काचेशी गेले आणि तिच्याकडं पाठ करून म्हणाले, वर्षाला दोनशे इंजिनियर बघतो मी, झिरो लावणारी एक मिळते, आणि ती तो अशा कामाला लावते. मग खुर्चीत येऊन बसले. तिच्याकडून सगळं लिहून घेतलं, सही घेतली. ट्रेनिंग तीन महिने वाढवलं. काढून का टाकत नाहीत हे तिला विचारायचं होतं, पण धीर झाला नाही. त्यांनी तिच्यासमोरच दत्ताला फोन लावला आणि ज्ञानेश्वरीला परत घ्यायला सांगितलं.

संध्याकाळी दत्ता गेटवर भेटला. तो म्हणाला, फोन केला होता, सासऱ्यानं उचलला. आमची सून आता कामाला येणार न्हाई म्हणाले आणि ठेवला.

रविवारी शितल शिरूरच्या वडापच्या जीपनं गेली आणि फाट्यावर उतरून नदीकडं चालत निघाली. विचारत विचारत वस्ती सापडली. कांद्याची लागण चालली होती. वाफ्यात पाणी सोडलेलं, चार बाया उकिडव्या बसून रोपं लावत होत्या. ज्ञानेश्वरी टोकाला होती, साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, कोपरापर्यंत चिखल. तिनं मान वर करून बघितलं, आणि परत खाली घातली.

बांधावर तिची सासू, कुशाबाई, रोपाच्या जुड्या सोडत होती. कोण गं तू, म्हणून तिनं विचारलं. शितलनं कंपनीचं नाव सांगितल्यावर तिचा चेहरा आवळला. ती म्हणाली, अजून काय ऱ्हायलंय बघायचं, पिशवी तर बघितली की सगळ्या गावादेखत. आता लोक इचारत्यात काय चोरलं म्हणून.

शितलनं चपला काढल्या, सलवार वर केली आणि वाफ्यात उतरली. एक जुडी उचलून ज्ञानेश्वरीच्या शेजारच्या ओळीला बसली. पाणी गार होतं. अंगठ्यानं चिखल दाबायचा, रोप उभं करायचं, दोन बोटांनी माती ओढायची. हे तिला कुणी शिकवावं लागत नव्हतं. दोन वाफे लावून झाले. तिसऱ्याला ज्ञानेश्वरी म्हणाली, “सांगितलंस म्हनं. बसमधली एक म्हनली.”

“काल.”

“मला मंगळवारी रातीच कळलं. पडून पडून हिशेब लावला. एकच जागा ऱ्हात होती, ती तुझी.” तिनं रोप दाबलं. “तरी बुधवारची वाट बघितली. मग बेस्तरवारची. म्हनलं, सांगल ती.”

शितलनं पुढची जुडी उचलली. तिचे डोळे भरून आले होते, पण हात चिखलाचे होते, पुसायची सोय नव्हती.

दुपारी सगळे भाकरीला लिंबाखाली बसले. सासरे सर्जेराव विहिरीकडून आले. ज्ञानेश्वरीचा नवरा ट्रकवर ड्रायव्हर होता, महिन्यात दोनदा घरी यायचा. घरातला शब्द सर्जेरावांचा. शितलनं भाकरी हातात घेतली नाही. उभी राहून त्यांना म्हणाली, “आबा, चूक ताईंची न्हवती. माझ्या हातून यंत्र पडलं. मी लपवलं. सही त्यांची होती म्हणून त्यांना काढलं. त्यांनी कायबी चोरलं न्हाई, कायबी चुकवलं न्हाई.”

इतर बायांनी चावायचं थांबवलं.

“मग तुला काढलं का?” कुशाबाईनं विचारलं.

“न्हाई.”

“तू हाईस अजून कामाला.”

“हाय.”

“शिकलेली म्हनून,” कुशाबाई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. ती तांब्या उचलून पाणी प्यायली. शितल तिथंच उभी होती. बसावं की जावं हे तिला कळेना, आणि कुणी सांगितलंही नाही.

भाकरी खाली ठेवून सर्जेराव म्हणाले, “ह्यातलं एकबी तिनं घरी सांगितलं न्हाई. नुस्तं काढलं म्हनली.” मग सुनेकडं वळून म्हणाले, “जायचं का न्हाई ते तुझं तू बघ. माझ्याकडनं मोडता न्हाई.”

ज्ञानेश्वरीनं भाकरीचा तुकडा मोडून शितलच्या हातात दिला. “बस. खा,” एवढंच म्हणाली.

उन्हं कलल्यावर ती शितलला फाट्यापर्यंत सोडायला आली. दोघींच्या पायांवर चिखल वाळून पांढरा झाला होता. उसाच्या कडेनं चालताना शितल म्हणाली की मला माफ करा असं म्हणायला तोंड न्हाई. ज्ञानेश्वरी म्हणाली, नको म्हणूस मग. फाट्यावर दोघी थांबल्या.

“उद्या येते मी,” ज्ञानेश्वरी म्हणाली. “घरी बसले तर लोकांचं खरं व्हईल.”

शितलनं मान हलवली.

“पण तुझ्या टेबलाला न्हाई. दत्ताला सांगून तिसरी लाईन घेनार हाय.”

“ताई...”

“राग न्हाई गं. चार दिस होता, गेला. पण तू झिरो बघितला म्हनलीस तरी आता मी परत बघनार. दर टायमाला बघनार. शेजारी बसून तसं बघत ऱ्हानं मला जमायचं न्हाई.”

वडाप आलं. मागच्या फळीवर एकाची जागा होती. शितल चढली. गाडी वळेपर्यंत ज्ञानेश्वरी थांबली नाही. काम पडलं होतं, अंधाराच्या आत वाफा उरकायचा होता.

सोमवारी पहिल्या पाळीला ज्ञानेश्वरी आली. कंपनीच्या बसमधून उतरली, पास दाखवला, आत गेली. तिसरी लाईन शितलच्या टेबलापासून चाळीसेक पावलांवर होती, मध्ये दोन प्रेस. दहाच्या सुमाराला प्रेस जरा थांबले तेव्हा शितलनं वर बघितलं. ज्ञानेश्वरीही बघत होती. वाटेत ओळखीचं माणूस दिसलं की हलवतात तशी तिनं मान हलवली. शितलनंही हलवली. मग प्रेस चालू झाले आणि दोघी आपापल्या कामाला लागल्या.